सांध्यातले तेल

घडीच्या ट्रेकिंग काठीचा सांधा वजन कसा धरतो हे आधी सांगितले पाहिजे, नाहीतर मी सूड कसा घेतला हे नीट कळणार नाही. ही काठी म्हणजे एकात एक बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या तीन नळ्या. आतल्या नळीच्या वरच्या टोकाला प्लास्टिकचा बोंडासारखा तुकडा असतो आणि त्याच्या मधून एक स्क्रू गेलेला असतो. नळी पिळली की स्क्रू त्या तुकड्यात चढतो, तुकडा फुगतो आणि बाहेरच्या नळीच्या आतल्या बाजूला घट्ट दाबून बसतो. सांध्यात याहून जास्त काही नसते. खीळ नाही, खटका नाही. उतारावर माणसाचे वजन, पाठीवरच्या पिशवीसकट, केवळ घर्षणावर तोललेले असते. महागड्या काठ्यांना बाहेरून खटका असतो, हे मी पुढे पाहिले. स्वस्तातल्या काठीत सगळा भार घर्षणावर. आणि घर्षण हा धडा मी मंचरजवळच्या एका माध्यमिक शाळेत वर्षानुवर्षे शिकवत होतो.

दोन हजार सालाच्या आगेमागे आमचा डोंगर चालणाऱ्या पाच जणांचा गट होता. मी आणि माझा एक सहकारी शिक्षक, बँकेतले एक गृहस्थ, अवसरी बुद्रुकचा एक बागाईतदार आणि नारायणगावात फवारणी पंप, पाइप, नट-बोल्ट विकणारा एक दुकानदार. पुढे कोणी चालायचे हे कधी ठरवले नव्हते, पण मीच चालायचो. प्रत्येक वाटेसाठी मी फुलस्केपचे एक पान लिहून आणत असे: पाणी कुठे, फाटा कुठे, अंधाराच्या आत कुठवर पोहोचले पाहिजे. एस.टी.त बसल्यावर ते मी वाचून दाखवायचो आणि सगळे निमूट ऐकायचे. ही माझी जागा होती. वर्गात मान मिळतो तो हुद्द्याचा. इथे मला मिळत होता तो माझा स्वतःचा होता, आणि मला त्याची गोडी लागली होती.

तोवर आम्ही मेसाच्या बांबूच्या काठ्या वापरत होतो. तळेघरच्या बाजूला गेलो की तिथल्या लोकांकडून छातीएवढ्या मापाच्या मागून घ्यायच्या आणि त्या मोडेपर्यंत वापरायच्या. माझ्या काठीचे तिसरे वर्ष चालू होते. दुकानदाराने कुठूनशा स्वस्तातल्या घडीच्या काठ्या आणल्या, तेव्हा तो पहिल्यांदा माझ्या त्या काठीकडे पाहून म्हणाला, "सर, डोंगर चढाया निघालाय का म्हसरं वळाया?" सगळे हसले, मीही हसलो आणि पुढच्या आठवड्यात एक जोडी घेऊन आलो.

नव्या वस्तूला आपल्याकडे काय करतात ते सांगायला नको. खंडेनवमी आली. घरातला विळा, कोयता, पाना, शिवणयंत्र, सायकल सगळे पुसून ओळीने मांडले. पत्नीने हळदकुंकू वाहिले, झेंडूची फुले ठेवली आणि मी दरवर्षीप्रमाणे तेलाची कुपी घेऊन बसलो. सायकलच्या साखळीला तेल, पान्याच्या चाकाला तेल, शिवणयंत्राला तेल. मग काठ्या. सांधे उघडून आतल्या नळ्यांना मी शिवणयंत्राचे तेल लावले, जादा झालेले फडक्याने टिपले आणि पुन्हा जोडल्या. नळ्या लोण्यासारख्या सरकत होत्या. मला समाधान वाटले.

त्या हिवाळ्यात जीवधन किल्ल्यावरून उतरताना, फुटक्या पायऱ्यांच्या खाली, उजव्या काठीवर भार टाकला आणि काठी हातभर आत गेली. मी उजव्या हातावर पडलो. मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. मी फळ्यावर डाव्या हाताने लिहायचो आणि मुले ते वाचू शकत नसत.

पण हाडाचा राग मी धरला नसता. राग आहे तो पुढच्या गोष्टीचा. हात गळ्यात बांधून मी नारायणगावच्या एका हॉटेलात गटाच्या बैठकीला गेलो होतो. शेजारच्या टेबलांवर टोमॅटोच्या बाजाराला आलेली माणसे होती; त्यांतल्या निम्म्यांची मुले माझ्या हाताखालून गेलेली. मी शांतपणे सांगितले, की काठी सरकली, वस्तूत दोष आहे. दुकानदार मिसळीचा घास थांबवून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "वस्तू एक नंबर हाय, सर. माझ्याकडं तीच हाय, माझी कशी न्हाई सरकत? तुमच्या हाताला सवय खडूची. त्याला वस्तू काय करणार?"

हॉटेल हसले. बागाईतदार तर ठसका लागेपर्यंत हसला. "सर, पुढच्या येळी खडूच टेकत उतरा राव!"

त्यानंतर दोन-तीन महिने बाजारात कोणी ना कोणी विचारायचे, "काय सर, खडू धरतोय का हात?" आणि पुढच्या चालीला पुढे दुकानदार होता. माझ्या खिशात लिहिलेले पान होते. ते कोणी मागितले नाही. मी मागे चालत होतो, त्याच्या दोन चकाकत्या काठ्यांकडे पाहत. त्या दिवशी मी ठरवले, की हा माणूस याच लोकांसमोर, याच काठ्या हातात असताना पडलेला मला पाहायचा आहे. मला त्याच्याकडून माफी नको होती. त्याने पडायला हवे होते.

उन्हाळ्याच्या सुट्टीत मी कामाला लागलो. उजवी काठी पूर्ण उघडली. प्लास्टिकच्या बोंडावर बोट फिरवले तर ते बुळबुळीत लागले. त्या क्षणी मला कळले. खरे म्हणजे आठवीतल्या कुणालाही कळले असते. तरी खात्री करणे हा माझा धर्म. डावी काठी साबणाने धुऊन दोन दिवस उन्हात वाळवली. दोन्ही काठ्या परसात उभ्या करून सांध्यापाशी निळ्या शाईची रेघ ओढली आणि मुठीच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या टांगल्या. तेलकट काठी दुसऱ्या पिशवीलाच बसली. धुतलेली काठी पत्नीने "पुरे आता, अंगण खराब होतंय" म्हणेपर्यंत रेघेवर उभी होती.

म्हणजे चूक माझी होती. दुकानदाराची काठी सरकत नव्हती, कारण त्याने तिला तेल लावलेलेच नव्हते. ती नवमीच्या वेळी पूजेला मांडली तीसुद्धा प्लास्टिकच्या पिशवीतून न काढता. हे मी वहीत व्यवस्थित लिहून ठेवले. आणि कोणालाही सांगितले नाही.

या काठ्यांत दुसरे दोष मात्र खरोखरीचे होते, आणि ते मी सर्वांना सांगितले. आमच्या डोंगरांचा काळा दगड खरवडणारा आहे. त्यावर काठीचे धातूचे टोक तीन-चार चालींत झिजते, मग खालचे प्लास्टिक दगडाला लागते आणि काठी घसरते. सर्वांत खालची नळी इतकी पातळ, की दोन दगडांच्या फटीत अडकून तिरकी ओढली गेली तर वाकते आणि एकदा वाकली की घडी होत नाही. मनगटातल्या पट्ट्याची शिवण घामाने कुजते. मुठीवरचा फोम उन्हात चिकट होतो. टेकडीवर सकाळी फिरायला या काठ्या उत्तम. पाठीवर ओझे घेऊन घाट उतरायचा असेल तर एका हंगामापलीकडे त्यांच्यावर विसंबू नये. हे सगळे मी शिक्षकांच्या खोलीत, बँकेत, एस.टी. स्टँडवर, ज्याने विचारले त्याला आणि ज्याने विचारले नाही त्यालाही समजावून दिले. वाकलेली नळी मी पिशवीत घेऊनच हिंडत होतो. पावसाळा संपेपर्यंत दुकानाबाहेर टांगलेल्या काठ्यांवर धूळ बसली.

एकदा दुकानदाराने मला रस्त्यात गाठले. "सर, तुमी बोलताय ते खोटं न्हाई. पण एवढं खरं बोलायची काय गरज हाय राव?"

"शिक्षकाने खरे बोलू नये तर काय करावे?" मी म्हणालो. हे उत्तर मला फार आवडले होते. घरी येऊन मी ते पत्नीलाही सांगितले.

पण तेवढ्याने भागत नव्हते. त्याचा माल पडून होता. तो स्वतः अजून ताठ उभा होता, आणि चालीत पुढे तोच होता.

मग पुन्हा खंडेनवमी आली. मी नारायणगावला सायकलची ट्यूब घ्यायला गेलो होतो. दुकान धुऊन काढलेले, दारावर झेंडूचे तोरण, फरशीवर पोते पसरून त्यावर पंप, पाने, पक्कड, वजने मांडलेली आणि या सगळ्यांच्या मध्ये त्याच्या स्वतःच्या दोन काठ्या. वर्षभर वापरून सांध्यांत माती गेली होती. त्या करकरत होत्या.

"या सर, या. बघा, तुमच्या लाडक्या काठ्यांची बी पूजा मांडलीय," तो म्हणाला. हातात तेलाची कुपी होती. त्याने एक काठी पिळून नळी बाहेर काढली आणि माझ्याकडे पाहिले. चेष्टा संपली होती. तो खरोखर विचारत होता. "सर, ह्याला तेल वरनं सोडू का आतून?"

पंचवीस वर्षांच्या नोकरीत मला हजारो प्रश्न विचारले गेले असतील. ज्याचे उत्तर मला येत नव्हते, तिथे मी 'उद्या पाहून सांगतो' म्हणालो आहे. जाणूनबुजून चुकीचे उत्तर मी कोणालाही दिलेले नव्हते.

"आतून," मी म्हणालो.

त्याने बोंडावर तेलाचे चार थेंब सोडले, बोटाने चोळले, नळी आतबाहेर करून पाहिली. "लई भारी. कशी पळतीय बघा." मग त्याने मला पेढा दिला. मी तो खाल्ला.

दिवाळीच्या सुट्टीत आहुप्याचा घाट उतरून खाली मुरबाडच्या बाजूला जायचे ठरले. या घाटात पावसाने वाट मोडते, म्हणून आम्ही नेहमी आहुप्यातल्या एका म्हाताऱ्याला सोबत घेत असू. भातशेती आणि थोडी नाचणी करणारा, सत्तरीच्या घरातला. अनवाणी चालायचा, हातात मेसाची काठी. सकाळी कड्यावर उभे राहिल्यावर दुकानदाराने आपल्या काठ्या पिळून लांब केल्या, आणि मी त्याच्या बरोबर मागे जागा घेतली.

पहिल्या तासात त्याची उजवी काठी चार बोटे आत गेली. त्याने ती लांब केली, पिळली, पुढे निघाला. थोड्या वेळाने डावी गेली. मग पुन्हा उजवी. मी मोजत होतो. म्हाताऱ्यानेही पाहिले.

"पावणं, त्या नळ्या ठिवा पिशवीत. कारवीची काठी तोडून देतो."

"बाबा, धा वर्सं डोंगर चालतोय. काठी कळती मला."

"बरं. तुमचा पाय, तुमची काठी."

मध्ये एक जागा आहे. डावीकडे कातळ, उजवीकडे खोल, आणि वाट दीड पावलाची. म्हाताऱ्याने एकेकाला जायला लावले. दुकानदार त्या वाटेच्या तोंडाशी उभा होता, मी त्याच्या मागे हातभर अंतरावर. 'काठी टेकू नका, कातळ धरा' एवढे पाच शब्द माझ्या तोंडात आले होते. तेवढ्यात त्याने मान वळवली आणि बाकीच्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "काय सर, हात धरून नेऊ का?"

मागून हशा आला. मी तोंड मिटले.

तो त्या वाटेने काठ्या टेकत गेला. काठ्यांनी धरले. का धरले ते मला सांगता येणार नाही. मातीचा एखादा कण सांध्यात आडवा आला असेल. मी त्याच्या मागे, दोन्ही हातांनी कातळ धरून गेलो.

पुढे अर्ध्या तासाने, सुट्या दगडांच्या उतारावर, जिथे पडले तरी फार तर खरचटावे, तिथे त्याची उजवी काठी एका झटक्यात पूर्ण मिटली. तो पुढे झुकला, गुडघ्यावर आदळला आणि दोन हात घसरत जाऊन बसला. डावी काठी खाली उडाली. धूळ बसली. त्याचा चेहरा इतका चकित होता, की आधी बँकेतले गृहस्थ हसले, मग सगळेच. मी थांबलो, पाण्याची बाटली काढली, एक घोट घेतला आणि जवळजवळ वर्षभर घासून ठेवलेले वाक्य म्हणालो: "वस्तू एक नंबर आहे. हाताला सवय तागडीची. त्याला वस्तू काय करणार?"

बागाईतदार टाळ्या पिटू लागला. मला आनंद झाला. तो किती झाला हे मी इथे कमी करून लिहिणार नाही. इतका निखळ आनंद मला आयुष्यात फार थोड्या वेळा झाला आहे.

मग त्याने पँट वर केली. गुडघा डोळ्यांदेखत सुजत होता. त्याला उभे राहता येईना. परत वर जाण्यापेक्षा खालचे गाव जवळ होते. उंचीने आम्ही दोघे सारखे, म्हणून म्हाताऱ्याने मलाच त्याच्या बगलेत उभे केले. त्याने आपला हात माझ्या खांद्यावर टाकला. म्हातारा पुढे पाय ठेवायच्या जागा दाखवत होता. बाकीचे आमच्या पिशव्या घेऊन खाली गेले. एक पाऊल, थांबायचे, पुन्हा एक पाऊल. त्याचे सगळे वजन माझ्यावर, आणि तो तक्रार करत नव्हता.

तो विचार करत होता. थोड्या वेळाने म्हणाला, "सर, एक समजंना. वर्षभर सरकली न्हाई. आन् आता तर नवमीला चांगलं तेल घातलं व्हतं. तरी कशी सरकली वो?"

त्यात टोमणा नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. ज्याला खरेच जाणून घ्यायचे असते त्याचा आवाज मला ओळखू येतो. त्या आवाजासाठीच मी या पेशात राहिलो. मी उत्तर दिले.

"तेल घातले म्हणूनच सरकली. तो सांधा कोरडा असला तरच धरतो."

तो थांबला. "म्हंजी मागं तुमची सरकली ती बी..."

"तेलानेच. मीच घातले होते."

"मग कळलं कधी तुमाला?"

"उन्हाळ्यात."

त्याने महिने मोजले असावेत. पुढे चाललेला म्हाताराही थांबून आमच्याकडे तोंड करून उभा राहिला.

"मी इचारलं व्हतं तुमाला," दुकानदार म्हणाला. "नवमीला. वरनं सोडू का आतून."

"हो."

"तुमी आतून म्हनला."

"हो."

त्याने शिवी दिली असती तर माझ्याकडे उत्तर होते. हॉटेलातले हसणे होते, सहा आठवड्यांचे प्लास्टर होते, न वाचलेले पान होते; सगळे क्रमाने मांडता आले असते. त्याने शिवी दिली नाही. माझ्या खांद्यावरचा हात काढला. "बाबा, तुमची काठी द्या," तो म्हाताऱ्याला म्हणाला, आणि ती मेसाची काठी दोन्ही हातांनी धरून, जिथे उभे राहणे जमेना तिथे बसून सरकत, तो खाली उतरू लागला. मी दोनदा हात पुढे केला. दोन्ही वेळा त्याने हाताकडे पाहिलेसुद्धा नाही. दीड तासाची वाट साडेतीन तासांत संपली.

खालच्या गावात चहाच्या टपरीपाशी बाकीचे वाट पाहत होते. "कशी काय मिटली राव काठी?" बागाईतदाराने विचारले.

"माझं चुकलं," दुकानदार म्हणाला. "सांध्यात तेल घातलं. घालायचं नसतंय." आणि बशीत चहा ओतला. माझे नाव त्याने घेतले नाही. त्या दिवशी नाही आणि नंतर, माझ्या माहितीप्रमाणे, कधीच नाही.

त्याचा गुडघा पुरता बरा व्हायला वर्ष गेले. त्याने डोंगर सोडला. दुकानातल्या उरलेल्या काठ्यांना त्याने एकेक चिठ्ठी बांधली होती, 'सांध्यात तेल घालू नये', आणि घेणाऱ्याला तो ते तोंडानेही समजावून सांगत असे, असे ऐकले. मला हवे होते ते सगळे मिळाले. तो पडलेला मी पाहिला आणि गटाच्या पुढची जागा मला परत मिळाली. हॉटेलातल्या त्या वाक्याबद्दल मी त्याला आजही क्षमा केलेली नाही. ते वाक्य वाईट होते आणि सर्वांसमोर बोललेले होते. पण मी जे एका शब्दात केले, त्याची बेरीज त्या वाक्याशी जुळत नाही, आणि ही गणिते मला चांगली येतात.

पुढच्या हिवाळ्यात आम्ही पुन्हा आहुप्याच्या बाजूला गेलो. एका कातळटप्प्याला दोर लागणार होता. मी झाडाच्या बुंध्याला दोर बांधला, तीनदा ओढून पाहिला आणि म्हणालो, "गाठ पक्की आहे. चला."

बागाईतदार दोराला हात घालणार, तेवढ्यात तो म्हातारा उठला. "थांबा जरा," म्हणाला. बुंध्यापाशी गेला, माझी गाठ पूर्ण सोडली, आणि नेमकी तीच गाठ, तशीच, स्वतःच्या हाताने पुन्हा बांधली. मग माझ्याकडे न पाहता बाजूला झाला. "हां. आता जावा."

बाकीच्यांना त्यात काही वेगळे दिसले नाही. एकामागून एक ते उतरू लागले. मी सगळ्यांत शेवटी उतरलो.